‘लेकरांना टँकरच्या रांगेत उभं करणार का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

शहर सोडून मराठवाड्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहायला जाण्याच्या लेखावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या मुलखात लेकरं घेऊन या म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे, ही पहिली. गावात आजोबांचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा असताना शेतात नवं घर कशाला, ही दुसरी. आणि दोन एकरांत कुटुंबाचं भागत नाही, ही तिसरी.

तिसरी पूर्ण मान्य. कोरडवाहू रानात रब्बी ज्वारी बरी पिकली तर एकरी चार-पाच क्विंटल निघते. चार माणसांना रोज दीड किलो धरली तर वर्षाला साडेपाच क्विंटल लागते. म्हणजे भाकरीची सोय होते, कडबा मिळतो. शाळा, दवाखाना, पेट्रोल यांना बाहेरची मिळकत लागतेच. मूळ लेखातलं ‘दोन एकरांत भागतं’ हे वाक्य चूक होतं, ते काढलं आहे.

पाण्याचं मात्र तसं नाही. आपल्याकडे शेतात घर म्हटलं की आधी बोअरची गाडी येते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपला खडक बेसाल्ट. त्यात पाणी राहतं ते भेगांत, झिजलेल्या थरांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणून पन्नास फुटांवरच्या दोन बोअरचं नशीब वेगळं असतं. अश्विनात लागलेल्या ‘तीन इंच’ पाण्यावर (बोअरच्या धारेचं हे बोलीतलं माप) घर बांधायचा निर्णय घेऊ नये. वैशाखात मोटर सलग चार-पाच तास चालवावी आणि २०० लिटरचं बॅरल किती मिनिटांत भरतं, हे सुरुवातीला आणि शेवटी मोजावं. शेवटचा आकडा खरा.

प्यायच्या पाण्यासाठी तर बोअरवर विसंबूच नये, छतावर पडणाऱ्या पावसावर विसंबावं. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर. दुष्काळी साल धरा, ५०० मिलिमीटरच पडला आणि त्यातलं वीस टक्के वाया गेलं, तरी ३७ हजार लिटर हाती येतं. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ४० लिटर लागतं. ऑक्टोबर ते जूनअखेर साधारण २७० दिवस, म्हणजे १०,८०० लिटर. आतून दहा बाय आठ फुटांच्या हौदात सात फूट पाणी उभं राहिलं की १५,८०० लिटर होतं. नऊ महिने पुरून उरतं. लातूरच्या रेल्वेचं दुःख खरंच आहे. पण त्या साली घराघरावर पडलेला पाऊस गटारात गेला, हेही तितकंच खरं.

हौद फसतो तो बांधकामात. काळ्या मातीत खड्डा घेऊन तीच माती भिंतीलगत परत भरली, तर उन्हाळ्यात ती आकसते, पावसाळ्यात फुगून रिकाम्या हौदाला दाबते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कोपऱ्यात चीर पडते. म्हणून खड्डा चहूबाजूंनी दोन फूट जास्त घ्यायचा आणि मुरूम भरून कुटायचा. पहिल्या सरीचं पाणी हौदात जाऊ द्यायचं नाही: पन्हाळीच्या पाइपाला आधी २०० लिटरचं ड्रम जोडायचं, म्हणजे पहिले दोन मिलिमीटर धूळ आणि पाखरांची घाण घेऊन त्यात जातात. ड्रमच्या बुडाशी थेंब-थेंब गळणारी तोटी ठेवली की ते पुढच्या पावसाआधी आपोआप रिकामं होतं. नाहीतर रिकामं करायचं हमखास राहतं. झाकणातून उजेड शिरला की शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ बसल्यावर वरची निवळी ओतायची आणि तासभर थांबायचं. उघड्या पुडक्यातली जुनी पावडर वापरू नये, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो.

अंघोळ, धुणं, भांडी याला रोजचे २०० लिटर बोअर-विहिरीतून. हे वाया जात नाही. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. उन्हाळ्यात भाजीपाल्याला रोज पाच-सहा मिलिमीटर लागतं. तेव्हा सांडपाण्यावर पाव गुंठ्याची परसबाग जगते, त्याहून जास्त लावू नये. दावणीला गाय असेल तर रोजचे आणखी ५०-६० लिटर धरा. लाल कंधारी, देवणी या इथल्या उन्हाला सरावलेल्या आहेत, पण पाणी त्यांनाही लागतंच.

आता वाडा. माळवद उन्हाळ्यात गार राहतं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण एक फूट जाडीच्या मातीचं वजन चौरस मीटरला जवळपास ५०० किलो भरतं, आणि गळतं म्हणून दरवर्षी वर आणखी पांढरी माती पडत जाते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत पहाटे माणसं चिरडली ती असल्याच छतांखाली आणि दगड-मातीच्या जाड भिंतींत. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर आरपार जोडदगडांनी बांधलेला नसेल, तर धक्क्यात दोन्ही थर सुटतात. वाडा ठेवायचा तर छतावरची जादा माती आधी उतरवा, जोडदगड बसवा, सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा. त्याआधी लेकरांना त्या माळवदाखाली झोपवू नये, ही कळकळीची विनंती.

शेतातल्या नव्या घरालाही काळी माती सोडत नाही. तीन फुटांवर पाया थांबवला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. पक्का मुरूम लागेपर्यंत खणावं. तो फारच खोल असेल तर बुडाशी फुगीर केलेले पाईल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि त्यांना जोडणारे प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरच्या तुळया). भोवती तीन फूट फरशी असावी, मोरीचं पाणी भिंतीलगत मुरू नये.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मूळ लेखात राहून गेली होती. मराठवाड्यात जमीन घेताना नुसत्या सातबाऱ्यावर इसार देऊ नये. १९५४-५५ चं खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदीचा कागद) काढून इनाम, कूळ, गायरान काही निघतं का ते पाहावं, कारण इथे हैदराबाद कुळवहिवाट कायदा, १९५० लागू आहे. वर्ग-२ ची, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली, जमीन परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार अडकतो. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) बैलगाडी जाते म्हणजे रस्ता आहे असंही समजू नये, नोंद पाहावी.

तुमच्या वाड्याच्या भिंतीची जाडी, छतावरच्या मातीची खोली आणि शिवारात मुरूम किती फुटांवर लागतो, एवढं कळवलंत तर दोन्हींचा खर्च शेजारी-शेजारी मांडून देईन.