शीर्षक माझं चुकलं, मुद्दा नाही

मीनलताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचली. 'दुसरा झटका रक्तातच लिहिलेला?' या माझ्या लेखावर तुम्ही चिडला आहात. वडिलांना वर्षभरात पक्षाघाताचा दुसरा झटका आला तो जीन्समुळे नव्हे, बीपीची गोळी परस्पर बंद केल्यामुळे, असं तुम्ही लिहिलंत. असले लेख वाचून माणसं 'आमच्या घराण्यातच आहे' म्हणत हातपाय गाळतात आणि लॅबवाल्यांचं फावतं, हेही. आणि शेवटी विचारलंत, मग आता मी आणि भावाने जीनची टेस्ट करायची का?

शीर्षकाबद्दल कान पकडतो. परळला औषधाच्या दुकानात बावीस वर्षं बसतोय. 'आता बरं वाटतंय, अर्धीच स्ट्रिप द्या' हे वाक्य रोज ऐकतो, तरी तसं शीर्षक दिलं. ३२ देशांतल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासात पहिल्या झटक्यांच्या धोक्यातला सुमारे ९० टक्के वाटा आटोक्यात आणण्यासारख्या दहाच गोष्टींचा निघाला होता, आणि त्यात बीपी सगळ्यात वर. तुमच्या वडिलांबाबत तुम्ही म्हणता तेच खरं असणार.

पण मी ज्या जीनबद्दल लिहिलं तो झटका आणणारा नाहीच. तो गोळीचं काय होतं ते ठरवतो. लेखात हे चौथ्या परिच्छेदात गेलं, तिथपर्यंत तुम्ही रागावला होतात, आणि त्यात तुमची चूक नाही.

उदाहरण क्लोपिडोग्रेलचं, मेंदूत गुठळी अडकून झटका आलेल्यांना तो पुन्हा येऊ नये म्हणून देतात त्या गोळीचं. रक्त पातळ करण्याची म्हणून लोक मागतात ती. (पातळ वगैरे काही होत नाही, रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटायच्या कमी होतात, एवढंच.) ही गोळी पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिचं औषध करतं. ज्याच्या जीनमुळे हे एन्झाइम मंद, त्याने गोळी अगदी घड्याळ लावून घेतली तरी तिचा पुरता उपयोग होत नाही. या जीनची अशी मंद प्रत, आई किंवा वडील कुणाकडूनही आलेली, युरोपीय लोकांपेक्षा आपल्याकडे बरीच जास्त आढळते. दक्षिण आशियाई लोकांत साधारण निम्म्यांकडे किमान एक असते. म्हणून हे परक्या देशाचं कौतुक नाही, माझ्या काउंटरवरचा प्रश्न आहे.

फरक किती पडतो? २०२१ साली चीनमधल्या 'चान्स-२' चाचणीचे निष्कर्ष आले. नुकताच छोटा झटका किंवा तात्पुरता झटका येऊन गेलेले, आणि मंद प्रत असलेले ६,४१२ जण. सगळ्यांना अ‍ॅस्पिरिन होतंच. त्याच्या जोडीला क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांत ९० दिवसांत ७.६ टक्क्यांना पुन्हा झटका आला. ज्याला या एन्झाइमची गरज लागत नाही ते टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांत ६ टक्क्यांना. म्हणजे शंभरात दीड माणूस. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा गाजावाजा? तो दीड माणूस घरचा असला की हिशेब बदलतो. शिवाय टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांत रक्तस्राव, बहुतेक किरकोळ, दुपटीने जास्त होता. म्हणून परस्पर गोळी बदलून मागायला कुणी येऊ नये, मी देणारही नाही.

लॅबवाल्यांचं म्हणाल तर 'तुमची जीन कुंडली' छापाच्या पॅकेजवर माझाही तुमच्याइतकाच राग आहे. पण झटक्यानंतर क्लोपिडोग्रेल द्यायचं ठरलं की सीवायपी२सी१९च्या जीनची ही एकच तपासणी करा, अशी शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये केली. ती खूळ म्हणून झटकून टाकता येत नाही.

मेंदूत रक्तस्राव होऊन येणाऱ्या झटक्याची गोष्ट वेगळी. तिथे एपीओई जीनचे काही प्रकार पुन्हा रक्तस्रावाची शक्यता वाढवतात, पण त्यावर वेगळी गोळी नाही, म्हणून मी ते लेखात घेतलं नव्हतं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही दोघं धडधाकट आहात, क्लोपिडोग्रेल घेत नाही. ही टेस्ट तुमच्यासाठी आज बिनकामाची. ते पैसे बीपीच्या मशीनवर घाला, आणि भावालाही पट्टा बांधायला लावा. वडिलांचं मात्र न्यूरोलॉजिस्टना विचाराच, दुसरा झटका आला तेव्हा क्लोपिडोग्रेल चालू होतं का ते सांगून.

आणि एक काम आजच. त्यांचा औषधांचा डबा उघडून पित्ताच्या गोळीचं नाव वाचा. ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल असेल, तर तीही याच एन्झाइमला दाबते. जीन उत्तम असला तरी. कितीतरी लोक ही गोळी चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याने सांगितली म्हणून नेतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना डॉक्टर बहुधा पँटोप्रॅझोल देतात. स्वतःहून काही बंद करू नका. स्ट्रिपचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

लेखाचं शीर्षक सकाळीच बदललं. चौथा परिच्छेद आता पहिला आहे.