ओल्याबरोबर सुकंही

आमच्या बागेला बाग म्हणणं हा निव्वळ आमचा मोठेपणा. चार पावलांत ती संपते आणि परत फिरायचं तर आधी एक कुंडी उचलून बाजूला ठेवावी लागते. या एवढ्याशा जागेत मी घरातल्या सालं-देठांचं खत करते.

जाणकार सांगतात, ढीग किमान एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच हवा. मग आतली ऊब आत राहते, तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढतं, बिया मरतात. पटतं हो. पण असा ढीग रचला तर मी उभी कुठे राहू? म्हणून माझा आपला भोकं पाडलेला डबा. तो फारसा तापत नाही. कोमट राहून सवडीने कुजत असतो.

ओल्या कचऱ्याची ददात नाही, तो रोज न मागता मिळतो. ददात आहे ती सुक्याची. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) 25 ते 30 भाग लागतात. भाजीच्या सालांत एवढा कर्ब नसतो. तो पालापाचोळ्यात, पुठ्ठ्यात, लाकडाच्या भुशात. सुकं घालताना हात आखडला की डबा बोलू लागतो. अमोनियाचा झणका आला तर नत्र जास्त, नासक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही. घरच्यांना मात्र दोन्ही वास सारखेच वाटतात. लोकांना बारकावे कळत नाहीत, दुसरं काय.

तर सुकं. लोक झाडांची फुलं बघतात, मी बुंध्याशी काय पडलंय ते बघते. घरात खोकं आलं की आतल्या वस्तूत मला रस नसतो. चिकटपट्टी नखाने सोलायची, पुठ्ठा भिजवून बोटाएवढे तुकडे करायचे, की झालं. पण खरा आधार शेजारच्या काकूंच्या झाडाचा.

"काकू, पानं फेकू नका हं, मी नेते."

"ने की गं. माझंच काम वाचतं."

मग मी पोतं घेऊन जायची आणि पाय देऊन देऊन भरायची.

मध्यंतरी डब्यात ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या झाल्या. बिचाऱ्या निरुपद्रवी, कचऱ्याचा फडशा पाडतात. फक्त कोषात जायच्या आधी काळपट होऊन कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. त्यांतली एक स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"हे काय आहे?" नवऱ्याने पाय वर घेत विचारलं.

"आपलीच आहे," मी म्हटलं.

डबाभर कचरा बसत बसत निम्म्याहून कमी झाला. काळंभोर, भुसभुशीत खत. मूठ दाबली तर जेमतेम एखादा थेंब. पानांची उतराई म्हणून काकूंना एक डबा भरून नेऊन दिलं. डबा तापलेला नसल्यामुळे त्यात टोमॅटोच्या बिया जिवंत राहिल्या होत्या. काकूंच्या कुंडीत आपोआप रोपं उगवली, टोमॅटो लागले. काकू हरखल्या. लगोलग त्यांनीही एका डब्याला भोकं पाडून घेतली.

परवा पोतं घेऊन गेले, तर दारातच म्हणाल्या, "अगं, पानं आता मलाच पुरत नाहीत. तुझ्याकडे पुठ्ठा आहे का थोडा?"