संपला का?

आमच्या घरात एप्रिल २०१५ पासून एक प्रकरण प्रलंबित आहे. वादी आमचे दाजी, प्रतिवादी मी आणि वादाचा विषय चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'.

तिकिटं मी काढली होती, हा माझा मूळ गुन्हा. 'कोर्ट'ला राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाल्याचं पेपरात आलं आणि मला एकदम 'श्वास' आठवला. 'श्यामची आई'नंतर पन्नासेक वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ, म्हणून तेव्हा अख्खं खानदान थिएटरात गेलं होतं. आजोबा नातवाला ऑपरेशनआधी जग दाखवायला निघतात, तिथे आत्यापासून दाजींपर्यंत सगळे रडले आणि बाहेर येऊन सगळ्यांनी एकमताने भेळ खाल्ली. सुवर्णकमळ म्हणजे आधी रडायचं आणि मग भेळ, इतका साधा हिशोब मी मांडला.

एकच गोष्ट नजरेतून सुटली. दाजींनी छत्तीस वर्षं कोर्टात नोकरी केलेली. निवृत्त होऊन जेमतेम तीन महिने झालेले.

सुरुवात बरी झाली. पडद्यावर लोकशाहीर नारायण कांबळेंना पकडतात. आरोप काय, तर त्यांचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. खटला उभा राहिला आणि दाजी खुर्चीत सरसावून बसले. "पट्टेवाला बघ, अस्साच उभा राहतो," माझ्या कानात. न्यायाधीश स्टेनोला मजकूर सांगायला लागले तसा दाजींचा उजवा हात मांडीवर आपोआप चालायला लागला. बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या बाईंचं प्रकरण ऐकायला न्यायाधीश तयार नाहीत असं दिसताच, त्यांनी तोंड उघडायच्या आत दाजी मोठ्याने "पुढची तारीख" म्हणून मोकळे झाले. पुढच्या रांगेतल्या तिघांनी वळून पाहिलं.

मध्यंतरात मी समोसा पुढे करत विचारलं, "कसा वाटतोय?"

"तंतोतंत," दाजी म्हणाले.

मला हायसं वाटलं. "मग?"

"मग काय? तंतोतंतच बघायचं होतं तर मी निवृत्त कशाला झालो?"

या सिनेमावरची इतकी परीक्षणं मी नंतर वाचली, पण या प्रश्नाचं उत्तर एकातही सापडलं नाही. समीक्षकही हेच म्हणत होते की कोर्ट अगदी खरं वाटतं. म्हणजे पुराव्याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत, वाद फक्त शिक्षेबद्दल.

उत्तरार्धात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी पोराला घेऊन घरी येतात आणि स्वयंपाकाला लागतात. तिथे इतका वेळ पेंगत असलेली आत्या जागी झाली. "बाई गं, एवढं भांडून आली तरी हिलाच रांधायचंय!" माझ्या मते 'कोर्ट'वरचं हे सर्वांत नेमकं परीक्षण, पण ते कुठे छापून आलं नाही.

आणि मग तो अंधार झाला.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे बंद होतात. कॅमेरा जागचा हलत नाही. पडदा काळामिट्ट. अशा वेळी सज्जन मराठी प्रेक्षक जे करतो तेच आमच्या थिएटरने केलं. फटाफट खुर्च्या मिटल्या, कुणी पिशवी उचलली, कुणी "अरे, छत्री राहिली" म्हणालं (एप्रिलमध्ये छत्री कशाला आणली होती, देव जाणे). पार्किंगमध्ये गर्दी व्हायच्या आत स्कूटर काढायची म्हणून दाजी एव्हाना दरवाजाबाहेर होते. आणि पडदा पुन्हा उजळला! सिनेमा बाकी होता. न्यायाधीशसाहेब सुट्टीवर, सहलीला. वाटेत उभी असलेली माणसं चोरी पकडल्यासारखी थिजली. काही मिळेल त्या खुर्चीत बसली आणि एक गृहस्थ चक्क आत्याशेजारी येऊन "सॉरी, सॉरी" म्हणत राहिले.

थोडक्यात, एकाच तिकिटात आमच्या कुटुंबाने दोन वेगळे सिनेमे पाहिले. दाजींच्या सिनेमात शेवटी अंधार होतो. उरलेल्यांच्या सिनेमात न्यायाधीश बाकावर डुलकी काढतात, पोरं जवळ जाऊन ओरडतात आणि जाग आलेले न्यायाधीश एका पोराला थोबाडीत ठेवून देतात.

त्या रात्री जेवताना सुनावणी सुरू झाली. भाची तेव्हा नुकतीच फिल्म सोसायटीची सभासद झाली होती. ती म्हणाली, "बाबा, कॅमेरा हलत नाही, कारण न्यायव्यवस्था हलत नाही."

"हलत नाही कशी?" दाजींनी आमटीचा डाव खाली ठेवला. "छत्तीस वर्षं फायली मी हलवत होतो ना?"

"व्हेनिसला बक्षीस मिळालंय, बाबा."

"त्यांना कधी आपल्या कोर्टात यावं लागलं नसेल."

तेव्हापासून दाजींनी समीक्षकांच्या ताऱ्यांचं स्वतःचं कोष्टक बनवलं आहे. चारच्या वर तारे असतील तर उशी घेऊन जायचं, दोन असतील तर सहकुटुंब. एक तारा असेल तर तिकीट आगाऊ काढून ठेवायचं, कारण हाउसफुल होणार. कबूल करायला जिवावर येतं, पण कोष्टक बऱ्यापैकी चालतं. अपवाद 'किल्ला'चा. तो दोनच महिन्यांनी आला. समीक्षकांनी वाखाणला तरी दाजी गेले आणि खूष होऊन आले. बर्लिनला त्याला बालपरीक्षकांनी बक्षीस दिलं होतं आणि पोरं कुणाची भीड ठेवत नाहीत, हे त्यांचं कारण. खरं कारण कोकणातला पाऊस असावा.

माझी बाजू मात्र मी ठामपणे लढवत आलो. "दाजी, सगळं त्या थपडेत आहे," हे माझं ठेवणीतलं वाक्य. संयत, अस्वस्थ करणारा, प्रेक्षकाला गृहीत न धरणारा, असले शब्द मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा वापरले.

आता इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही. ती थप्पड मी पाहिलेली नाही.

थिएटरात मी चपला काढून मांडी घालून बसतो. अंधार झाल्यावर खाली पाय सोडला तर एकच चप्पल. दुसरी कुणाच्या तरी पायाने पुढच्या रांगेखाली गेलेली. पडदा उजळला तेव्हा मी दोन खुर्च्यांच्या मधे ओणवा होतो. पोरं ओरडल्याचं ऐकू आलं आणि मी मनात चरफडलो की लोक असल्या सिनेमाला पोरं आणतातच कशाला. चप्पल घेऊन वर आलो तर नावं सुरू. शेवटाबद्दलची माझी सगळी मतं परीक्षणं वाचून बनलेली आहेत.

गेल्या मे महिन्यात भाचीने 'कोर्ट' घरच्या टीव्हीवर लावला. "आज शेवटपर्यंत," अशी तंबी तिने दाजींना दिली. मलाही ते हवंच होतं. चपला मी भिंतीला लावून ठेवल्या. दाजी शांतपणे बघत होते, मधूनमधून मांडीवर हात चालत होता. कोर्टाला सुट्टी लागली. दिवे गेले. नेमकी तेव्हाच भाची दूध उतू जातंय म्हणून आत पळाली.

दाजींनी रिमोट उचलून लाल बटण दाबलं. "संपला."

"दाजी, आहे अजून."

"काय आहे?"

"थप्पड आहे."

दाजींनी चष्मा काढला. छत्तीस वर्षं साक्षीदार बघितलेली नजर माझ्यावर रोखली. "तू पाहिलीस?"

मी भिंतीशी ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं. "वाचलीय."

"ऐकीव पुरावा," दाजी म्हणाले आणि रिमोट घेऊन झोपायला गेले.