कुंपणाचा एक खांब आणि शंभर किलोंचा पश्चात्ताप

फाटकाजवळचा लाकडी खांब मानेतून मोडला, हे मी सहन केले असते. मोडलेला खांब दुरुस्त करून देतो असे सांगून सहा दिवस न आलेले सुतारबुवाही मी सहन केले असते, कारण कोकणात राहायचे तर सुताराच्या ‘उद्या’वर चिडणे म्हणजे भरतीवर चिडण्यासारखे आहे. परंतु परवा रविवारी भर दुपारी, मी गुडघाभर खड्ड्यात उभा राहून पहार मारत असताना, हेच गृहस्थ स्कूटरवरून आले, गाडी बंद न करता आणि खाली पाय न टेकता त्यांनी त्या खड्ड्यात डोकावले, आणि एखाद्या मयताला आल्यासारखा चेहरा करून म्हणाले, “हे काँक्रीट कोणी घातलं? लाकूड मारलंत की हो, भाऊ.” एवढे बोलून, “उद्या येतो” हेही न विसरता सांगून, ते निघून गेले. धुरळा मात्र माझ्या घामावर बसला.

त्या एका वाक्याने मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. कामाला न येणाऱ्या माणसाने न केलेल्या कामाची चिकित्सा करावी, तीही बसल्या जागेवरून, आणि तीही बरोबर निघावी, यापरता अपमान नाही. ‘मारलंत’ म्हणे! मी कुंपणाची दुरुस्ती करत होतो, की खुनाच्या जागेचा पंचनामा?

मोडलेला खांब बदलायचा म्हणजे जुना काढून नवा ठोकायचा, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्यात खड्डा खणून पाहावा. मोबाइलवर एक चित्रफीत पाहिली होती. तीत इस्त्रीची विजार घातलेला एक गोरा गृहस्थ यंत्राचा गिरमिट जमिनीत घालतो, लोण्यासारखी माती वर येते आणि दोन मिनिटांत खड्डा तयार होतो. आमच्याकडे वरची वीतभर लाल माती संपली की खाली कातळ सुरू होतो, आणि पहारीचा प्रत्येक घाव खांद्यात परत येतो. त्यातच हा खांब काँक्रीटमध्ये रोवलेला. वरचा भाग गळून पडलेला, खालचे दीड फूट लाकूड काँक्रीटच्या पोटात ओल्या भुशासारखे झालेले, आणि भोवतीचा गोळा मात्र जसाच्या तसा. एक घनफूट काँक्रीट साधारण ६८ किलो भरते. माझा गोळा दीड घनफुटांचा होता. म्हणजे चार इंच रुंदीचा एक कुजका खांब काढण्यासाठी मी शंभर किलोंचा दगड जमिनीतून उपटत होतो, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबून “काय, खांब काढताय वाटतं?” असे विचारत होता. नाही हो, मोती शोधतो आहे!

पहार तरी माझी कुठे होती? माझी स्वतःची उत्तम, घडवून घेतलेली पहार तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी “दोन तासांत आणून देतो” म्हणून नेली. परवा मी त्यांच्याकडून ती उसनी मागून आणली, आणि देताना त्यांनी मला बजावले की संध्याकाळपर्यंत परत करा, आमच्या घरात वस्तू जागच्या जागी लागतात.

सिमेंटच्या दुकानाचेही असेच. मला चार घमेली काँक्रीट पुरे होते, आणि पिशवी मिळते ५० किलोंची. सुटे मागितले तर दुकानदाराने मागील कोपऱ्यातून जे काढून दाखवले त्यात गारगोट्या अधिक आणि सिमेंट कमी होते. उरलेली अर्धी पिशवी पावसाळ्यात दमटून तिची शिळा होणार, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. लाकडाच्या वखारीबद्दल तर बोलायलाच नको. ऐनाचा खांब म्हणून चार वर्षांपूर्वी जो दिला गेला त्याच्या दोन बाजू बाहेरच्या पांढऱ्या लाकडाच्या होत्या, गाभा नावापुरता. वर गडद पॉलिश फासले की गिऱ्हाइकाला काय कळते! आणि जस्ताचा मुलामा असलेले म्हणून विकलेले खिळे दुसऱ्याच पावसात तांबडे अश्रू गाळू लागले होते.

परंतु या सगळ्यांवर तोंडसुख घेत असताना, साडेतीनच्या सुमारास, तो गोळा अखेर कलला आणि त्याच्या वरच्या अंगावर ओल्या काँक्रीटमध्ये काडीने कोरलेली तारीख दिसली. अक्षर माझे होते.

येथे मला थोडे बसावे लागले.

चार वर्षांपूर्वी याच सुतारबुवांनी सांगितले होते की लाकूड सिमेंटात गाडू नका. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, त्याच्या आणि काँक्रीटच्या मध्ये फट पडते, पहिल्याच सरीत त्या फटीत पाणी उतरते आणि खाली वाट नसल्यामुळे बादलीत साचावे तसे साचून राहते. जमिनीच्या पातळीवर ओलही असते आणि हवाही, म्हणून बुरशीला तीच जागा मानवते आणि खांब तिथेच मोडतो. वडिलांनीही आमच्या ओटीचे खांब दाखवले होते. ते दगडी तळखड्यावर उभे आहेत, मातीला टेकलेले नाहीत, म्हणून आजोबांच्या काळापासून शाबूत आहेत. ते असेही म्हणाले होते की कुंपणाला पांगाऱ्याची खुंटे लाव, ती रुजतात, आणि जिवंत खांब कुजत नाही. मी दोघांनाही ‘मजबुती’ या विषयावर व्याख्यान दिले होते, छत्री धरून उभा राहिलो होतो, आणि काम संपल्यावर अभिमानाने तारीख कोरली होती.

हे सुतारबुवांना सांगण्याचा माझा कोणताही इरादा नाही.

सोमवारी मी रजा टाकली. तळखडा घराच्या खांबाला चालतो, कारण त्याच्यावर छपराचा भार असतो. कुंपणाच्या खांबाला म्हशींचे धक्के खायचे असतात. म्हणून भंगारातून लोखंडी अँगल आणून त्याला भोके पाडून घेतली, खड्ड्याच्या तळाशी खडी टाकली, काँक्रीट अँगलभोवती ओतले, माथा चारही बाजूंना उतरता केला, आणि लाकूड जमिनीपासून दोन इंच अधांतरी ठेवून नटबोल्टने आवळले. ओळंबा लावून पाहिला. खांब सुतात होता. दुर्दैव असे की तो सुतात उभा राहताच शेजारचे बाकीचे सगळे खांब लग्नाच्या वरातीतून परतल्यासारखे दिसू लागले.

आणि आज सकाळी सुतारबुवा आले! काम संपल्यावर, हत्यारांची पिशवी घेऊन. तो शंभर किलोंचा गोळा फाटकापाशीच पडून आहे, कारण तो हलवण्याचे बळ घरात कोणाकडे नाही. त्यावर ते ऐसपैस बसले, चहा मागितला, आणि नेमका तारखेवर अंगठा फिरवत, काहीही न बोलता, तो संपवला. मग उठून त्यांनी पटाशी काढली आणि उरलेल्या नऊ खांबांच्या मुळाशी एकेक टोचणी दिली. तीन ठिकाणी पटाशी पिकल्या फणसात शिरावी तशी आत गेली. त्या तिन्हींवर त्यांनी खडूने फुली मारली, एक डोळा मिटून माझ्या नव्या खांबाकडे पाहिले, आणि विचारले, “उरलेलं सिमेंट कोरडं ठेवलंयत ना?”