पन्नास ह्युमॅनिटी, अडीच हजार एडी

बंड्याला पहिला सोलो, म्हणजे लढवय्या पात्र, बनवायचा होता. गेम सायबरपंक रेड, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या रोल-प्लेइंग गेमची २०२० साली आलेली आवृत्ती, शहर नाइट सिटी, काळ २०४५. 'कम्प्लीट पॅकेज' पद्धतीने पात्र केलं की सामान आणि सायबरवेअर (शरीरात बसवायची यंत्रं) मिळून २,५५० एडी (गेममधलं चलन) हातात येतात, कपड्यालत्त्याला ८०० वेगळे. बंड्याने रविवारी कट्ट्यावर आपली यादी वाचली आणि पहिलं कटिंग संपायच्या आत वाद पेटला. पुढच्या सेशनला कुणी "असं कुठे ठरलं होतं?" म्हणायला नको, म्हणून उतरवून ठेवतोय.

यादी अशी: न्यूरल लिंक (मेंदूतली जोडणी), त्यावर सँडेव्हिस्टान (वेग वाढवणारं यंत्र), एक सायबरआर्म (यांत्रिक हात), त्यात वुल्व्हर्स (हातातून निघणारी पाती) आणि वरून स्किनवीव्ह (कातडीतलं चिलखत). प्रत्येकी ५००. एकूण २,५००.

"मस्त," पम्या म्हणाला. "आणि उरलेल्या पन्नासात बंदूक कुठली घेतोयस?"

"वुल्व्हर्स आहेत की. तीन डी६ पडतात, सहा बाजूंच्या तीन फाशांचं डॅमेज."

"तीन डी६ शंभर एडीच्या तलवारीलाही पडतात. हेवी मेली वेपन ते हेवी मेली वेपन. वुल्व्हर्सचा फायदा एवढाच की दारावर झडती घेतली तरी तलवारीसारखे काढून घेता येत नाहीत."

सई मेडटेक, म्हणजे डॉक्टर, खेळते, तिचा हिशेब वेगळा असतो. "पैशांचं राहू दे. एम्पथी किती टाकलीयस?"

"पाच."

"म्हणजे ह्युमॅनिटी, तुझ्या माणूसपणाचा साठा, त्याच्या दसपट, पन्नास. वस्तू बसवली की त्यातून कापलं जातं, पाचही वस्तूंचा ठरलेला आकडा सात-सात. पस्तीस गेले, राहिले पंधरा. एम्पथी म्हणजे ह्युमॅनिटीतला दशकाचा आकडा. पहिल्याच सेशनला तू एम्पथी १ घेऊन बसणार."

"सोलोला एम्पथी कशाला हवी? गोळी रेफ्लेक्सवर चालते."

इथे मास्तर, म्हणजे आमचा जीएम (गेम चालवणारा), पहिल्यांदा बोलला. "फिक्सर, म्हणजे दलाल, समोर बसून थापा मारतोय हे कळायला ह्युमन पर्सेप्शन लागतं, आणि ते एम्पथीवर चालतं. कन्व्हर्सेशनही तिच्यावरच. शिवाय ह्युमॅनिटी फक्त लोखंड बसवल्याने जात नाही, भयंकर प्रसंगातून गेलास तरी जाते, तेही नियमात आहे. शून्याखाली उतरलास की तुझा कागद माझ्याकडे, पात्र तुझं राहत नाही."

"थेरपी घेईन ना मग."

"घे. साधी थेरपी ५०० एडी, एक आठवडा, २डी६ परत. जोरदारवाली १,००० एडी, ४डी६. पण लोक एक गोष्ट विसरतात," सई म्हणाली. "प्रत्येक बसवलेल्या वस्तूमागे कमाल ह्युमॅनिटी दोनाने खाली येते. बोर्गवेअर (शरीर पार बदलणारं) असेल तर चाराने. फॅशनवेअरला, म्हणजे नुसत्या सजावटीला, शून्य. म्हणजे न्यूरल लिंकमध्ये सात गेले, त्यातले थेरपीने पाचच परत येतील. उरलेले दोन ती वस्तू काढून टाकेपर्यंत विसर."

मग तिने टिश्यू पेपरवर मांडलं: ५०० ची वस्तू, वर ५०० ची थेरपी, वर एक आठवडा, वर कायमचे दोन. बंड्याच्या यादीची खरी किंमत पाच हजार एडी आणि पाच आठवडे, आणि एवढं करूनही छत पन्नासाऐवजी चाळीसवर. बंड्या जरा गप्प झाला.

पम्याने त्याला लगेच एक सूट मिळवून दिली. वुल्व्हर्सला सायबरआर्म लागतच नाही. हाडामांसाच्या हातात एकच अशी वस्तू बसवता येते: वुल्व्हर्स, रिपर्स, बिग नक्स, सबडर्मल ग्रिप (स्मार्ट बंदुकीशी जोडणारी तळहातातली वस्तू) यांतलं काहीही, पण एका हातात एकच. त्यामुळे उजव्या हातात ग्रिप आणि डाव्या हातात वुल्व्हर्स असं जमतं. सायबरआर्म खोडला की ५०० एडी आणि सात ह्युमॅनिटी परत. सायबरआर्म घ्यायचा तो चार स्लॉटसाठी, म्हणजे वस्तू बसवायच्या जागांसाठी. पॉपअप बंदुकीला त्यातले दोन जातात. तसं काही ठेवायचं नसेल तर तो नुसता महागडा हात.

खरी जुंपली ती सँडेव्हिस्टानवर. बंड्याच्या डोक्यात ती एजरनर्स अ‍ॅनिमे, जग थिजतं आणि हिरो एकटाच पळतो. या पुस्तकात तसं काही नाही. सँडेव्हिस्टान चालू करायला एक पूर्ण अ‍ॅक्शन जाते, मग एक मिनिट इनिशिएटिव्हला (आधी कुणाची पाळी ते ठरवणारा फासा) +३, आणि नंतर तासभर बंद.

"एक मिनिट म्हणजे तीन सेकंदांचे वीस राउंड. भरपूर झाले की!"

"अरे, पण इनिशिएटिव्ह टाकतात कधी? लढाई सुरू होताना, एकदाच. नंतर अ‍ॅक्शन घालवून चालू केलंस तर ते +३ कशाला मिळवणार? गोळीबार तुम्ही सुरू करणार असाल तर दाराबाहेर चालू करून आत शिरायचं, तिथे उत्तम. तुमच्यावर घात झाला तर डोक्यात ५०० एडीचा पेपरवेट."

पम्याचं मत केरेंझिकोव्ह हे दुसरं स्पीडवेअर घ्यावं: कायम +२, चालू-बंद काही नाही, किंमत तीच ५००. पण ह्युमॅनिटी १४. लिंकसकट २१ जातात, २९ उरतात, एम्पथी २. सँडेव्हिस्टानला लिंकसकट १४, उरतात ३६, एम्पथी ३. आणि दोन्ही घेऊ म्हटलं तर नाही, स्पीडवेअर एका वेळी एकच.

मास्तरचं म्हणणं, सोलोने दोन्ही सोडावेत. सोलोची भूमिकेची क्षमता कॉम्बॅट अवेअरनेस. सुरुवातीला रँक चार, म्हणजे वाटायला चार पॉइंट. चारही इनिशिएटिव्ह रिअ‍ॅक्शनवर टाकले तर +४, तेही फुकट. यावर पम्याचं उत्तर चांगलं होतं: केरेंझिकोव्ह असेल तर तेच पॉइंट स्पॉट वीकनेसवर (जादा डॅमेज) जातात, आणि चिलखतासमोर तेच डॅमेज कामाला येतं. यावर एकमत झालं नाही. माझं मत विचाराल तर घात करणाऱ्या टोळीत सँडेव्हिस्टान आणि बॉडीगार्डला केरेंझिकोव्ह. बंड्याची टोळी पहिल्या प्रकारातली.

स्किनवीव्हवर नाना बोलायला लागला. नाना १९९० च्या सायबरपंक २०२० पासून खेळतोय, त्याला चिलखतावर चिलखत चढवायची सवय. "खाली स्किनवीव्ह एसपी (गोळी अडवायची ताकद) ७, वर लाइट आर्मरजॅक एसपी ११..."

"नाना, इथे बेरीज नाही. जो मोठा तो धरायचा. अकरा."

"मग सात कशाला घेतलं?"

हाच मुद्दा. लाइट आर्मरजॅक अंगाला १०० आणि डोक्याला १००, एकूण दोनशे एडीत दोन्हीकडे ११, हालचालीला दंड नाही. त्यापुढे मीडियम (१२) घेतलं की रेफ्लेक्स, डेक्स्टेरिटी, मूव्ह तिन्हीला −२, एका एसपीसाठी. ते कुणी घेऊ नये. स्किनवीव्ह पाचशे एडी, सात ह्युमॅनिटी आणि एसपी ७. त्याचा उपयोग जिथे आर्मरजॅक घालून जाता येत नाही तिथे. जखम भरताना दिवसाला एक एसपी आपोआप परत येतो, तेवढी जमेची बाजू.

मग शब्दावरून भांडण. नियम सांगतो की एका जागी 'घातलेलं' सगळं चिलखत एकाच वेळी झिजतं. नाना म्हणतो, कातडी कुणी 'घालत' नाही, म्हणून आर्मरजॅक चार वेळा भेदलं जाऊन सातवर आलं तरी खालचं सात शाबूत राहिलं पाहिजे. पुढे आर्मरजॅकच्या चिंध्या झाल्या तरी सातचा आधार आहेच. पम्याचं म्हणणं, आरपार गेलेली गोळी कातडीतूनच गेली ना? मग तीही झिजली. त्या हिशेबाने चार गोळ्यांनंतर आर्मरजॅक ७, कातडी ३, आणि आर्मरजॅक अंगावर असेपर्यंत तिची पाळी कधीच येत नाही. मास्तरने निकाल दिला: आमच्या टेबलावर दोन्ही झिजणार. कारण नानाच्या वाचनाने प्रत्येक जण पाचशे एडीत सातचा कायमचा पाया विकत घेईल आणि पिस्तुलं निकामी होतील. नाना अजून मानलेला नाही.

डोळ्यांचा विषय पाच मिनिटांत संपला, पण हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. अंधारात दिसण्यासाठी लो लाइट ऑप्शन हवा तर तो जोडीनेच लागतो: दोन सायबरआय २००, दोन ऑप्शन १,०००, ह्युमॅनिटी सात-सात आणि तीन-तीन, म्हणजे वीस. तोच ऑप्शन ५०० एडीच्या स्मार्ट ग्लासेसमध्ये टाका. चष्म्याला दोन स्लॉट, लो लाइटला दोनच लागतात, आणि चष्म्यातला ऑप्शन जोडीचाच धरतात. एकूण हजार एडी, ह्युमॅनिटी शून्य. तोटा एकच, कुणी चष्मा ओढून काढला की तू आंधळा. बंड्याला एवढा धोका चालतोय.

शेवटी ईएमपी. (हा पुस्तकात एम्पथीचाही संक्षेप आहे, त्यामुळे टेबलावर आम्ही एम्पथी पूर्ण म्हणतो. नाहीतर "माझा ईएमपी गेला" यावर दहा मिनिटं जातात.) ईएमपी ग्रेनेड (यंत्रं बंद पाडणारा) फुटला की सायबरटेक कौशल्याच्या फाशाने डीव्ही १५, म्हणजे ठरलेला आकडा, ओलांडावा लागतो, बरोबरी चालत नाही. नाहीतर जीएम निवडेल त्या दोन वस्तू एक मिनिट बंद. बंड्याचा टेक ४, सायबरटेक शून्य. दहा पडला तरी चौदा, मग दहाचा जादा फासा दोन किंवा वर पडला तरच सुटका. शंभरात नऊ वेळा.

"मग मास्तर काय निवडणार?"

"न्यूरल लिंक. सँडेव्हिस्टान आणि ग्रिप त्याच्यावरच उभे आहेत. एकात तीन."

"हे चीटिंग आहे!"

"नियम आहे. सायबरआर्म घेतला असतास तर तो निवडला असता. बंद पडलेला हात तुटल्यासारखाच धरायचा, फक्त खांद्याला लोंबकळत राहतो. हातातली बंदूक खाली."

हार्डन्ड शील्डिंग आहे, १,००० एडी, पण ते सायबरलिंबचं ऑप्शन. तो हात किंवा पाय आणि त्यातल्या वस्तू वाचतात, मेंदूतला लिंक नाही. बंड्याने फॅशनवेअरमध्ये 'ईएमपी थ्रेडिंग' शोधून काढलं, दहा एडी, ह्युमॅनिटी शून्य, आणि विजयी मुद्रेने मोबाइल दाखवला. ती कातडीवरची चंदेरी नक्षी आहे. ग्रेनेडला तिचं काही पडलेलं नाही.

उठता उठता सईने एक बारीक गोष्ट सांगितली, ती मला आधी सुचली नव्हती. पात्र बनवताना ठरलेले आकडे कापले जातात, नंतर फासे टाकावे लागतात. २डी६ ची सरासरी सातच, तेव्हा मोठ्या वस्तू आधी घ्याव्यात, नशिबावर सोडू नयेत. पण छोट्या वस्तूंना सुरुवातीला ३ कापतात आणि नंतर डी६ चा अर्धा, वर पूर्ण केलेला: एक, एक, दोन, दोन, तीन, तीन. सरासरी दोन. म्हणजे ग्रिपसारख्या वस्तू पहिल्या कमाईनंतर घेतलेल्या बऱ्या.

"आणि एकच पडला, ह्युमॅनिटी भरलेली असताना?" पम्याने खोडा घातला. "पन्नासातून एक गेला, एकोणपन्नास. कमाल मात्र अठ्ठेचाळीस."

मास्तर म्हणाला, अठ्ठेचाळीस. छतापेक्षा उंच कोण उभा राहील?

बंड्याची सुधारित यादी: लाइट आर्मरजॅक अंग-डोकं २००, न्यूरल लिंक ५००, सँडेव्हिस्टान ५००, असॉल्ट रायफल ५००, तिला स्मार्टगन लिंक ५००, व्हेरी हेवी पिस्तूल १००. एकूण २,३००. ग्रिप पहिल्या पगारात, तोवर स्मार्ट लिंकचा +१ मिळणार नाही, हे त्याला दोनदा बजावलं. ह्युमॅनिटी ३६, कमाल ४६, एम्पथी ३. ग्रिपला वाईटात वाईट तीन गेले तरी ३३, एम्पथी तीनच. उरलेल्या अडीचशेत गोळ्या, दहा एडीला दहा.

आणि कपड्यांच्या आठशेतून दहा एडी काढून त्याने ईएमपी थ्रेडिंग घेतलंच. म्हणे, दिसायला बरं दिसतं.