धातुरूप पारा निरुपद्रवी असतो काय? एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

पाऱ्याने भरलेल्या भांड्यात कोणीतरी उघडा हात मनगटापर्यंत बुडवतो, हसत बाहेर काढतो आणि हाताला काहीही झालेले नसते. अशा चित्रफिती आणि त्यांच्यासोबत फिरणारा मजकूर बहुतेकांच्या पाहण्यात आलेला असेल. त्या मजकुराचा आशय थोडक्यात असा: ‘विषारी असतात ती पाऱ्याची संयुगे, शुद्ध धातू नव्हे. पारा 357 अंश सेल्सियसला उकळतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला त्याची वाफ होण्याचा प्रश्नच नाही. तो गिळला तरी जसाच्या तसा बाहेर पडतो. जुने रसायनशास्त्रज्ञ आयुष्यभर पारा हाताळत होते, त्यांना काय झाले? प्रयोगशाळेत सांडलाच तर वर गंधक टाकावे आणि झाडून घ्यावे.’

या मजकुराची अडचण अशी की त्यातले सगळेच खोटे नाही. निखळ खोटे असते, तर ते खोडून काढणे सोपे होते. येथे एक खरी गोष्ट सांगून तिच्या आधाराने दुसरी, तिच्याशी संबंध नसलेली गोष्ट पटवली जाते. म्हणून प्रत्येक मुद्द्यातले खरे किती, हे आधी मान्य करून पुढे जाणे बरे.

गिळण्याचा मुद्दा प्रथम घेतो, कारण त्यातील विधान जवळपास पूर्णपणे बरोबर आहे. निरोगी माणसाच्या आतड्यातून धातुरूप पाऱ्याचे शोषण 0.01 टक्क्यापेक्षाही कमी होते आणि बाकीचा पारा विष्ठेवाटे निघून जातो. एके काळी आतड्यात अडथळा निर्माण झालेल्या रुग्णांना, त्याच्या वजनाने मार्ग मोकळा होईल या आशेने, पारा चक्क पाजला जात असे. परंतु यावरून निघतो तो निष्कर्ष फक्त पचनमार्गापुरता. श्वासावाटे आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के वाफ शरीरात राहते. फुप्फुसांच्या पातळ पडद्यातून ती रक्तात उतरते, आणि विद्युतभाररहित अणूंच्या रूपात असल्यामुळे मेंदूचे संरक्षण करणारा अडसर व गर्भवतीची वार हे दोन्ही सहज ओलांडते. पेशींमध्ये शिरल्यावर विकरांच्या क्रियेने त्या अणूंचे आयनांत रूपांतर होते, आणि आयनांना तोच अडसर परत ओलांडणे कठीण जाते. म्हणजे ज्या संयुगरूप पाऱ्याला हा मजकूरही विषारी मानतो, त्याच्या जवळ जाणारे रूप पारा शरीराच्या आत, नेमका मेंदूत आणि मूत्रपिंडात पोहोचल्यावर घेतो. पोटाच्या दाराने गेलेला पारा निरुपद्रवी ठरला म्हणून नाकाच्या दाराने गेलेलाही तसाच असेल, असे मानायला काहीही आधार नाही.

‘357 अंशांना उकळतो, मग वाफ कोठून येणार?’ हा दुसरा मुद्दा. उत्कलनबिंदू आणि बाष्पीभवन यांची ही गल्लत शालेय पाठ्यपुस्तकाच्या पातळीवरची आहे. पाणी 100 अंशांना उकळते, तरी दोरीवरचे कपडे वाळतातच. पाऱ्याच्या बाबतीत हे मायकेल फॅरडे यांनी दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. बाटलीच्या तळाशी थोडा पारा आणि वर बुचाला अडकवलेला सोन्याचा वर्ख, एवढीच त्यांची मांडणी होती. साध्या हवामानात काही आठवडे ठेवल्यावर वर्ख पांढरा पडला. पारा आणि वर्ख यांचा स्पर्श झालेला नव्हता, म्हणजे पारा हवेतूनच वर गेला होता. हे निरीक्षण 1821 साली प्रसिद्ध झाले.

आता आकडे पाहू. 20 अंश तापमानाला, बंद जागेत पाऱ्याच्या वाफेने हवा संपृक्त झाली, म्हणजे तिच्यात आणखी वाफ मावेनाशी झाली, तर दर घनमीटर हवेत सुमारे 13 मिलिग्रॅम पारा असतो, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढेल तसे हे प्रमाण दुपटीहून अधिक होत जाते. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांतील मर्यादा घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम आहे, आणि तेथील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली आठ तासांची सरासरी मर्यादा तर 0.025 मिलिग्रॅम. संपृक्त हवा या दुसऱ्या मर्यादेच्या पाचशेपट भरते. चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशी खोली धरली, तर तिचे आकारमान 40 घनमीटर होते. हवा बदलत नसेल, तर ती 0.025 च्या मर्यादेपर्यंत नेण्यासाठी अवघा एक मिलिग्रॅम पारा पुरतो. एवढ्या पाऱ्याच्या थेंबाचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो. टेबलाच्या फटीत तो पडला, तर शोधूनही सापडणार नाही.

प्रत्यक्षात खोली क्वचितच संपृक्त होते, कारण हवा खेळती असते आणि बाष्पीभवनही संथ असते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु थेंब फुटल्यावर चित्र बदलते. एक ग्रॅमचा अखंड थेंब सुमारे पाच मिलिमीटर व्यासाचा असतो. तो फरशीवर आपटून 0.1 मिलिमीटरच्या कणांत विखुरला, तर कणांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते आणि उघडा पृष्ठभाग मूळच्या सुमारे पन्नासपट होतो. वाफ पृष्ठभागावरूनच निघते, त्यामुळे भांड्यात शांत पडलेला किलोभर पारा आणि फटींत उधळलेला ग्रॅमभर पारा यांत दुसरा अधिक त्रासदायक ठरू शकतो.

येथे सावधगिरीच्या बाजूने बोलणाऱ्यांचीही एक चूक दाखवून द्यावीशी वाटते. पाऱ्याची वाफ हवेच्या सातपट जड असल्यामुळे ती जमिनीलगत साचून राहते, असे सर्रास सांगितले जाते. शुद्ध वाफेची घनता तेवढी असते हे खरे. पण एक घनमीटर हवेचे वजन सव्वा किलोच्या आसपास आणि त्यात संपृक्त अवस्थेतही पारा फक्त 13 मिलिग्रॅम, म्हणजे मिश्रणाच्या एकूण घनतेत पडणारा फरक नगण्य आहे. वाफ हवेच्या प्रवाहांबरोबर सगळीकडे पसरते. फरशीपासून दूर उभे आहोत म्हणून सुरक्षित आहोत, हा समज याच चुकीतून येतो.

तिसरा मुद्दा अनुभवाचा आहे: ‘आम्ही लहानपणी पाऱ्याशी खेळलो, काही झाले नाही.’ हे म्हणणारे खोटे बोलत नसतात. एकदा फुटलेल्या तापमापकातील अर्धा-एक ग्रॅम पारा खेळत्या हवेत सहसा कोणाला आजारी पाडत नाही, आणि अशा प्रसंगी घाबरून धावाधाव करण्याचेही कारण नाही. प्रयोगशाळेची गोष्ट वेगळी आहे. तेथे तापमापक, दाबमापक, पंप आणि विद्युत अग्रे वर्षानुवर्षे गळत व फुटत राहतात, पारा फरशीखाली, कपाटांमागे आणि सिंकच्या वाकड्या नळीत साठत जातो, आणि माणसे त्याच हवेत दिवसाचे आठ-दहा तास काढतात. या वाफेला वास नाही, रंग नाही, तिने डोळे चुरचुरत नाहीत. धोक्याची सूचना देणारे कोणतेही लक्षण ती आपणहून दाखवत नाही.

जुन्या रसायनशास्त्रज्ञांचे उदाहरण देणाऱ्यांनी आल्फ्रेड श्टॉक यांचे नाव ऐकलेले दिसत नाही. बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवर काम करणारे हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हवेशी संयोग टाळण्यासाठी पाऱ्याच्या झडपा असलेली निर्वात उपकरणे वापरत. अनेक वर्षे त्यांना डोकेदुखी, चक्कर, चोंदलेले नाक आणि विस्मरण यांनी ग्रासले होते, आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हते. सहकाऱ्यांमध्येही तशीच लक्षणे दिसू लागल्यावर प्रयोगशाळेतील हवा तपासली गेली आणि दोष पाऱ्याच्या वाफेचा निघाला. 1926 साली त्यांनी या धोक्याविषयी सविस्तर लेख लिहून आपल्या व्यवसायबंधूंना जाहीरपणे सावध केले. मला या प्रकरणात सर्वांत बोलकी वाटते ती लक्षणांची सामान्यता. झोप न लागणे, चिडचिड, चारचौघांत बुजणे, नावे न आठवणे, अक्षर वेडेवाकडे येणे, या गोष्टींचा संबंध खोलीच्या कोपऱ्यातील उपकरणाशी असेल असे कोणाच्या मनात येणार? बोटांची थरथर आणि हिरड्यांची सूज दिसेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. ‘त्यांना काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते.

‘विषारी ती फक्त संयुगे’ या चौथ्या मुद्द्यात संयुगांना एकाच मापाने मोजले आहे. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड, पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि म्हणून तुलनेने कमी घातक आहे. दुसऱ्या टोकाला डायमिथाइलमर्क्युरी हे पाऱ्याचे द्रवरूप सेंद्रिय संयुग आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील प्राध्यापिका कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर ऑगस्ट 1996 मध्ये या द्रवाचे मोजके थेंब सांडले. त्या हे काम धूरकक्षात, म्हणजे वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात, नियमांनुसार करत होत्या. लक्षणे काही महिन्यांनी उमटली आणि 8 जून 1997 रोजी त्यांचा मृत्यू झाला. नंतरच्या चाचण्यांत हे संयुग तशा हातमोज्यातून 15 सेकंदांच्या आत आरपार जाते, असे आढळले. धातुरूप पारा एवढा घातक नाही, हे स्पष्टच आहे. पण ‘हातमोजे घातले आहेत ना’ एवढ्यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की हातमोजा कोणत्या पदार्थासाठी तपासलेला आहे, यावरच त्याचा उपयोग ठरतो.

भांड्यात बुडवलेल्या हाताबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अखंड त्वचेतून धातुरूप पारा अगदी थोडा शोषला जातो, हे खरे आहे. मात्र हात भांड्यात असताना चेहरा त्याच भांड्यावर असतो, आणि नखांत व घडीत अडकलेले कण पुढे घरभर फिरतात. बोटातील सोन्याची अंगठी पाऱ्याशी मिश्रधातू बनवून खराब होते, ते वेगळेच.

राहिला गंधकाचा आणि झाडूचा सल्ला, आणि प्रत्यक्ष हानी सर्वांत जास्त याच सल्ल्याने होते. पारा आणि गंधक यांची अभिक्रिया होते व सल्फाइड तयार होते, हे रसायनशास्त्र बरोबर आहे. परंतु खोलीच्या तापमानाला ती संथ असते आणि जेथे प्रत्यक्ष स्पर्श होतो तेथेच होते. थेंबावर सल्फाइडची पातळ साय धरते, आत पारा तसाच राहतो, आणि पाय पडून साय फाटली की पृष्ठभाग पुन्हा उघडा होतो. म्हणून गंधक किंवा जस्ताची पूड ही दिसणारा पारा उचलून झाल्यानंतर, फटींतल्या शिल्लक अंशासाठी वापरण्याची वस्तू आहे. झाडू तर मोठा थेंब फोडून हजार थेंब करतो आणि स्वतः कायमचा दूषित होतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, कारण तो पारा तापवतो आणि मागच्या बाजूने वाफ खोलीत फेकतो.

करायचे ते असे. सर्वांत आधी त्या जागेवरची ये-जा थांबवावी, कारण बुटांच्या तळव्यांना चिकटलेला पारा इमारतभर पोहोचतो. जवळचे तापक बंद करावेत, बाहेर उघडणाऱ्या खिडक्या उघडाव्यात, आणि आतल्या बाजूचा दरवाजा लावून घ्यावा. अंगठ्या व घड्याळ काढून नायट्राइलचे हातमोजे घालावेत. थेंब ताठ पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी बाहेरून आत ढकलत एकत्र आणावेत आणि ड्रॉपरने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने ओढून घ्यावेत. मग दिवे मंद करून विजेरी जमिनीला जवळजवळ टेकवून तिरपा झोत टाकावा. वरून पाहताना कोरी वाटणारी फरशी या झोतात ठिकठिकाणी चमकू लागते. हे कण चिकटपट्टीने टिपता येतात. पुठ्ठा, पट्टी, हातमोजे हे सर्व घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत जावे. पारा सिंकमध्ये ओतू नये आणि पारा लागलेले कपडे धुण्याच्या यंत्रात टाकू नयेत. सांडलेला पारा तापमापकातल्या एवढ्यापेक्षा जास्त असेल, किंवा तो गरम पृष्ठभागावर पडला असेल, तर खोली रिकामी करून प्रशिक्षित माणसांना बोलवावे. बंद जागेत तापलेल्या पाऱ्याची वाफ काही तासांत फुप्फुसांना गंभीर इजा करू शकते. ज्यांना दीर्घकाळ संपर्काची शंका आहे, त्यांच्यासाठी लघवीतील पाऱ्याची तपासणी उपलब्ध आहे. शरीरातून पारा काढणारी औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीविना घेऊ नयेत.

मजकुराच्या शेवटी, गोळा केलेला पारा ‘काचेच्या बाटलीत भरून शोभेसाठी ठेवा’, अशी सूचनाही कधी कधी असते. अडीचशे मिलिलिटरच्या भरलेल्या बाटलीत जवळपास 3.4 किलो पारा मावतो, आणि टेबलावर जराशी जोरात टेकवली तरी तिचा तळ निघू शकतो. गोळा केलेल्या पाऱ्यासाठी जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यावी, ती कडा असलेल्या तबकात ठेवावी, तिच्यावर नाव व तारीख लिहावी, आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे ती लवकरात लवकर सोपवावी.