हेडफोनमधल्या आवाजाला साक्षीदार नसतो

गेल्या वर्षी जुलैमध्ये, कौलांवर पाऊस धो धो कोसळत असताना, आईने कुकर गॅसवर ठेवला आणि "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर" असे मला सांगून ती शेजारच्या काकींकडे गेली. मी होकार दिला, कानांवर हेडफोन चढवला आणि काउंटर-स्ट्राइक या बंदुकीच्या व्हिडिओ गेमचा सामना सुरू केला. सामना संपवून हेडफोन काढला तेव्हा घरभर करपल्याचा वास भरला होता. कुकरमधले पाणी पूर्ण आटून डाळ तळाला कोळशासारखी चिकटली होती आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला होता. शिट्ट्या किती झाल्या हे मला सांगता येईना, कारण एकही ऐकू आली नव्हती. त्याच वेळी खेळातल्या भिंतीपलीकडून येणाऱ्या शत्रूची पावले मात्र मला अचूक ऐकू आली होती. तेव्हापासून खेळताना हेडफोन वापरावा की स्पीकर, हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

हेडफोनचे श्रेय मी नाकारत नाही. गोव्यात फोंड्याच्या एका सायबर कॅफेत आम्ही मुले खेळायचो तेव्हा ज्याच्या यंत्राला चांगला हेडफोन तो अर्धा सामना आधीच जिंकलेला असे, आणि त्यामागे ठोस कारण आहे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानापर्यंत पोहोचायला फार तर ०.७ मिलिसेकंद जास्त लागतात, आणि मध्ये डोके आल्यामुळे तो थोडा मंदही होतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. हेडफोन हा फरक जसाच्या तसा प्रत्येक कानात सोडतो. स्पीकरच्या बाबतीत डावीकडचा आवाज उजव्या कानालाही जातो, शिवाय आपल्या घरांच्या गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर आणि गुळगुळीत फरशीवर आपटून तोच आवाज पुन्हा येतो, त्यामुळे पावले नेमकी कुठली हे कळेनासे होते. काउंटर-स्ट्राइकमध्ये २०१७ साली डोके आणि कानाची पाळी यांचा आवाजावर होणारा परिणाम हिशेबात घेणारी सोय आली, तीही हेडफोनवर खेळणाऱ्यांसाठीच. तेव्हा चुरशीचा सामना असेल तर हेडफोनच हवा, यात मला शंका नाही. तोही वायरचा हवा, कारण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद उशिरा येतो, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर तेवढ्यात ९ ते १५ चित्रे सरकून गेलेली असतात.

पण आपण रोज चुरशीचे सामने खेळतो का? माझ्या घरी जास्त वेळ मोटारींच्या शर्यती, फुटबॉल आणि एखादी लांबलचक कथा असलेला खेळ चालतो. अशा खेळात आवाज डोक्याच्या आत घुमण्यापेक्षा समोरच्या स्पीकरमधून आलेला मला कितीतरी जास्त खरा वाटतो. शर्यतीतल्या इंजिनाची घरघर मेजावर टेकवलेल्या कोपरांना जाणवते, ती कानावरच्या दोन वाट्यांतून कधीच जाणवणार नाही. आणि गोल झाला की बाहेर सोप्यावर (ओसरीवर) बसलेले बाबाही "कोणी केला?" असे विचारत आत येतात.

माझा मुख्य मुद्दा मात्र याहून वेगळा आहे. स्पीकरचा आवाज वाढला की घरातले कोणीतरी हटकते. हेडफोनमध्ये आवाज किती मोठा आहे हे ऐकणाऱ्याशिवाय कोणालाच कळत नाही, आणि ऐकणाऱ्याचा कान तर हळूहळू त्याला सरावत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८० वरून ९० डेसिबलवर गेलो तर आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात, आणि तेवढे तर एका रविवारी संपतात. मला स्वतःला सलग काही रात्री खेळल्यानंतर कानात बारीक शिटी वाजू लागली, जी पंखा बंद केला की स्पष्ट ऐकू येत असे. तपासणीत श्रवणशक्ती सुदैवाने ठीक निघाली, पण ती शिटी पूर्ण थांबायला पंधरा दिवस लागले. माझा पुतण्या दहा वर्षांचा आहे. त्याच्या कानातला आवाज कोण मोजणार, या प्रश्नाने मला खरोखर अस्वस्थ केले आहे.

हेडफोनना आपली गोव्याची हवाही फारशी मानवत नाही. कानाच्या गाद्यांवरचे नकली चामडे इथल्या दमटपणात दीड-दोन वर्षांत सुटू लागते आणि घामेजलेल्या कानांवर त्याचे काळे पापुद्रे चिकटतात; कापडी गाद्या टिकतात, पण पावसाळ्यात वाळवल्या नाहीत तर त्यांना बुरशी येते. स्पीकर घेतानाही त्याच्या आतल्या थरथरणाऱ्या पडद्याची कड फोमची नसून रबराची आहे ना, हे जरूर पाहावे, कारण फोमही काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न मला पूर्ण मान्य आहे. हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवरील पार्ट्यांच्या कर्कश संगीताबद्दल आपण तक्रार करायची आणि स्वतः रात्री अकरा वाजता सबवूफर (खर्जाचा स्पीकर) लावायचा, हे योग्य नाही. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि खर्ज तर भिंती ओलांडून जातो. म्हणून रात्री दहानंतर आणि दुपारी आई-बाबा आडवे होतात त्या दोन तासांत आमच्याकडे हेडफोनच असतो. मुसळधार पावसातही मी बंद वाट्यांचा हेडफोन वापरतो, कारण तो बाहेरचा आवाज अडवतो आणि खेळाचा आवाज कमी ठेवता येतो. उघड्या जाळीच्या हेडफोनने कौलांवरच्या पावसाशी स्पर्धा करावी लागते. फक्त अशा वेळी गॅसवर काही नाही ना, हे मी आधी पाहतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०२५ मध्ये व्हिडिओ गेमसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक प्रसिद्ध केले आहे. खेळ बनवणाऱ्यांनी ते मनापासून अमलात आणावे आणि खेळाडूचे उरलेले आयुष्य पडद्याच्या कोपऱ्यात पट्टीने दाखवतात, तशीच त्याच्या कानांची आठवड्याची उरलेली मुदतही दाखवावी, अशी माझी मागणी आहे. तोवर पुतण्याचा हेडफोन माझ्या खोलीतल्या खुंटीवर आहे. तो मित्रांबरोबर सामना असेल तेव्हाच खाली उतरतो, आणि त्याच्या आवाजाची सर्वोच्च पातळी मी आधीच ठरवून ठेवलेली असते. स्पीकर मेजाच्या दोन कडांना, बसल्यावर कानांच्या उंचीला येतील असे ठेवले आहेत. काल संध्याकाळी पुतण्या त्यांवर शर्यत खेळत होता. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाडीच्या वळणावर वाजला तेव्हा त्यानेच खेळ थांबवला आणि पोळ्या (एक प्रकारचे पाव) आणायला धावला.